फिशर यांचा आक्षेप

१२ जुलै १९५८ रोजी लंडनच्या ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. विषय होता सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग. पत्रलेखक होते सर रोनाल्ड फिशर. पत्राचे म्हणणे थोडक्यात असे होते : सिगारेट ओढणाऱ्यांत हा कर्करोग अधिक आढळतो हे आकड्यांवरून दिसते खरे, परंतु सिगारेटमुळे कर्करोग होतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या आनुवंशिक घडणीमुळे मनुष्य सिगारेटकडे ओढला जातो, तीच घडण त्याला कर्करोगाकडेही नेत नसेल कशावरून?

हा प्रश्न एखाद्या हौशी वादपटूने विचारला असता तर दोन आठवड्यांत तो विसरला गेला असता. परंतु फिशर हे आधुनिक संख्याशास्त्राचे एक प्रमुख शिल्पकार होते. १९२५ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथाने जगभरच्या संशोधकांना प्रयोगाचे आकडे वाचावयास शिकविले. त्याशिवाय ते आनुवंशशास्त्राचेही प्रथम श्रेणीचे पंडित होते आणि १९४३ पासून १९५७ पर्यंत केंब्रिज येथे त्या विषयाचे प्राध्यापक होते. भारतातही त्यांचे नाव अपरिचित नव्हते. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत ते अनेकदा येऊन गेले होते. त्यांनी घालून दिलेल्या रीतीने आपल्याकडील शेतांवर खतांचे आणि बियाण्यांचे प्रयोग होत असत, आणि पानसे व सुखात्मे यांनी शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला १९५४ चा प्रसिद्ध ग्रंथही त्याच परंपरेतला आहे.

ही शेतीची रीत येथे थोडी उलगडली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते. एका वाफ्यात नवे खत घातले आणि तेथे पीक जोमाने आले. तर ते श्रेय खताचे की त्या वाफ्यातील मातीचे? हा संशय घालविण्याचा फिशर यांनी सांगितलेला उपाय साधा आहे. कोणत्या वाफ्यात खत घालावयाचे हे शेतकऱ्याने वा संशोधकाने ठरवू नये; चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चिठ्ठीला मातीची पारख नसते. त्यामुळे चांगली माती आणि वाईट माती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, आणि उरलेला फरक खताचाच असे म्हणता येते. आता धूम्रपानाकडे पाहिले तर कोणी सिगारेट ओढावी आणि कोणी ओढू नये हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नसते. ज्याचे त्याने ते ठरविलेले असते. तेव्हा सिगारेट हे खत, आणि मनुष्याची उपजत घडण ही माती. ज्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांना मातीबद्दल सावध केले, त्यांनी डॉक्टरांनाही त्याच गोष्टीबद्दल सावध करावे, यात तर्काच्या दृष्टीने काही वावगे नव्हते.

डॉक्टरांची बाजूही लहान नव्हती. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५० साली इंग्लंडमधील इस्पितळांतील रोग्यांची चौकशी करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकटचा संबंध दाखविला. डॉल यांनी तर हे काम चालू असतानाच स्वतःची सिगारेट सोडली. १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच प्रश्नपत्रिका पाठविल्या. सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी आपल्या सवयी कळविल्या, आणि मग त्यांपैकी कोण केव्हा व कशाने मृत्यू पावतो याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. जितक्या सिगारेटी अधिक तितके मृत्यू अधिक, हे त्या नोंदींतून दिसू लागले. १९५७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने लोकांना या धोक्याची जाणीव सर्व साधनांनी करून द्यावी असे संपादकीय लिहिले, आणि त्यावर फिशर यांचा पारा चढला. पुरावा अपुरा असता शास्त्राने प्रचारकाची भूमिका घ्यावी, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

स्वतःचा पुरावा म्हणून त्यांनी जुळ्या भावंडांकडे बोट दाखविले. जर्मनीतून आलेल्या माहितीत ५१ जोड्या एकबीज जुळ्यांच्या होत्या, म्हणजे ज्यांचा आनुवंशिक वारसा एकच असतो अशांच्या. ३१ जोड्या द्विबीज जुळ्यांच्या, म्हणजे एरवीच्या भावाभावांइतकेच साम्य असलेल्यांच्या. एकबीज जोड्यांपैकी सुमारे चतुर्थांश जोड्यांतच धूम्रपानाच्या सवयी स्पष्टपणे भिन्न होत्या. द्विबीज जोड्यांत हे प्रमाण निम्म्यावर होते. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या पत्रात त्यांनी इंग्लंडमधील जुळ्या बहिणींचे आकडे दिले. त्यांत जन्मतःच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जोड्याही होत्या, आणि त्यांच्या सवयी तरीही जुळत होत्या. धूम्रपानाच्या ओढीत आनुवंशिकतेचा वाटा आहे, हा निष्कर्ष यातून निघत होता, आणि तो बरोबर होता. त्यानंतरच्या कितीतरी मोठ्या पाहण्यांनी त्याला दुजोरा दिला. निकोटिनच्या व्यसनात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा निम्म्याच्या आसपास भाग वारशाशी जोडता येतो, असे आज मानले जाते.

मात्र एवढ्यावरून कर्करोगापर्यंत उडी मारण्यास आधार नव्हता. जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली अमेरिकेत त्या उडीचे माप काढले. धूम्रपान करणाऱ्यांत हा कर्करोग जर नऊपट आढळत असेल, आणि तो एखाद्या लपलेल्या कारणामुळेच होत असेल, तर ते कारण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या निदान नऊपट तरी असले पाहिजे. असे कारण कोणी दाखवू शकले नव्हते. फिशर यांच्यावर याचा परिणाम झाला नाही. ते स्वतः पाइप ओढीत, आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. या दोन गोष्टींवरून त्यांच्या हेतूबद्दल बरेच लिहिले गेले आहे. तथापि पैशासाठी मत बदलणारा हा मनुष्य नव्हता, असेच त्यांचे चरित्र सांगते. आपल्या बुद्धीवरचा अतिरिक्त विश्वास हा त्यांच्या बाबतीत अधिक जवळचा दोष वाटतो. १९६२ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे ते वारले, तेव्हाही त्यांचा आक्षेप कायम होता.

त्या काळी या आक्षेपाला थेट उत्तर देणे शक्य नव्हते, कारण ज्या आनुवंशिक घडणीबद्दल फिशर बोलत होते ती शरीरात नेमकी कोठे असावी, याची कोणालाच कल्पना नव्हती. तंबाखूची ओढ शरीराच्या कोणत्या भागात उत्पन्न होते हे आधी कळले पाहिजे, मग त्या भागाचे जनुक, आणि मग त्या जनुकातील भेद. गंमत अशी की या शोधाची पहिली पायरी फिशर यांच्याच केंब्रिज विद्यापीठात, ते जन्मले त्याच्या आदल्या वर्षी घातली गेली होती.

निकोटिन हे द्रव्य तंबाखूच्या पानातून १८२८ साली हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान यांनी वेगळे काढले. लिस्बन येथील फ्रेंच राजदूत झाँ निको यांनी १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या राजदरबारात पाठविली होती, त्यांचे नाव त्या द्रव्याला चिकटले. साठ वर्षे ते एक जालीम विष म्हणूनच ओळखले जात होते. १८८९ साली केंब्रिज येथील शरीरशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी डिकिन्सन या सहकाऱ्यासह एक प्रयोग केला. प्राण्याच्या मानेतील मज्जातंतूंच्या गाठीवर त्यांनी कुंचल्याने निकोटिनचा लेप दिला. गाठीच्या अलीकडचा तंतू चेतविला तर काहीच परिणाम होईना. पलीकडचा चेतविला तर पूर्ववत परिणाम होई. म्हणजे निकोटिन तंतूंना मारीत नव्हते. गाठीत एका तंतूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, त्या सांध्यावर ते बसत होते.

पुढे १९०५ साली लँग्ली कोंबडीच्या पायाच्या स्नायूकडे वळले. निकोटिनने तो स्नायू आखडे. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी ज्या क्युरारे विषाने बाणांची टोके माखीत, ते विष दिले की निकोटिनचा परिणाम नाहीसा होई. स्नायूचा मज्जातंतू आधीच तोडून तो निकामी होऊ दिला तरीही दोन्ही विषांचे काम चालूच राही. याचा अर्थ दोन्ही विषे तंतूवर नव्हे तर स्नायूतल्याच कशावर तरी बसत होती. त्या ‘कशाला तरी’ लँग्ली यांनी ‘ग्रहण करणारे द्रव्य’ असे नाव दिले. आज त्यालाच आपण ग्राही म्हणतो. औषध शरीरात शिरते आणि गुण येतो, एवढेच सांगणाऱ्या वैद्यकाला या कल्पनेने नवी दृष्टी दिली. कुलपात बसल्यावाचून किल्ली काही उघडत नाही, आणि प्रत्येक किल्लीचे कुलूप निराळे असते.

निसर्गाने हे कुलूप तंबाखूसाठी केलेले नव्हते, हे उघडच आहे. त्याची खरी किल्ली असिटिलकोलीन. हेन्री डेल यांनी १९१४ साली या द्रव्याच्या दोन प्रकारच्या क्रिया वेगळ्या ओळखल्या; एक निकोटिनसारखी, दुसरी अळंबीतील मस्करीनसारखी. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतू रासायनिक निरोप पाठवितात हे दाखविले, आणि १९३६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे स्वतःचे कुलूप असून त्याला परक्या किल्लीचे नाव मिळाले, आणि ते आजवर टिकून आहे.

ग्राहीची कल्पना झाली, पण तो हाती कसा यावा? येथे दोन प्राणी मदतीला आले. विजेचा धक्का देणाऱ्या माशांच्या विद्युत्-अवयवांत हे ग्राही दाटीवाटीने असतात. दुसरीकडे, तैवानमधील चँग आणि ली यांनी १९६३ साली मण्यारीच्या जातीच्या एका सापाच्या विषातून असे प्रथिन वेगळे काढले की ते याच ग्राहीला घट्ट धरते आणि सहसा सोडीत नाही. सापाचे विष हा गळ, आणि माशाचा अवयव हा तलाव. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील झाँ-प्येर शाँझो यांनी १९७० साली या विषाच्या साहाय्याने वामीसारख्या दिसणाऱ्या विद्युत्-ईलमधून ग्राही ओळखून काढला. १९८२ साली जपानमध्ये क्योटो येथे शोसाकु नुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेरी पाकट माशातील ग्राहीच्या एका घटकाचे जनुक वाचले. माशाचे जनुक वाचता आले म्हणजे माणसातले त्याचे भाऊबंद शोधणे सोपे झाले.

त्यातून जे चित्र उभे राहिले ते असे. निकोटिन-ग्राही हे पाच तुकड्यांचे कडे असते, आणि मधोमध एक छिद्र. किल्ली बसली की छिद्र उघडते आणि विद्युत्-भारित कण पेशीत शिरतात. मानवी शरीरात या तुकड्यांची सोळा जनुके आहेत. कोणते पाच तुकडे एकत्र आले यावर ग्राही स्नायूतला की मेंदूतला, हळवा की दांडगा, हे ठरते. तुकड्यांना अल्फा, बीटा अशी नावे व पुढे क्रमांक दिले आहेत. मेंदूत निकोटिनला सर्वांत उत्सुकतेने धरणारे कडे अल्फा-४ आणि बीटा-२ या तुकड्यांचे असते. १९९८ साली असे दिसून आले की ज्या उंदरांत बीटा-२ चे जनुक काढून टाकले आहे, ते निकोटिन मिळवून देणाऱ्या युक्तीत रस घेत नाहीत; इतर उंदीर मात्र ते पुन्हा पुन्हा घेत राहतात. तंबाखूची गोडी लागण्याची जागा अशा रीतीने निश्चित झाली.

प्रयोगशाळेत हे चालले असता बाहेर आनुवंशिकतेच्या युक्तिवादाला निराळेच आश्रयदाते मिळाले होते. रोग मनुष्याच्या घडणीतच असेल तर कारखानदाराचा दोष काय, हा विचार तंबाखू कंपन्यांना फार सोयीचा होता. त्यांनी अशा संशोधनाला पैसा पुरविला. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६५ साली पुस्तक लिहून धूम्रपान व रोग या दोहोंच्या मागे माणसाचा स्वभाव आहे असे मांडले. त्यांच्या संशोधनालाही पुढे हा पैसा मिळाला. व्यसन या शब्दाबद्दलही असाच खेळ झाला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने कर्करोगाचा दोष सिगारेटवर ठेवला, पण निकोटिनला व्यसन म्हटले नाही, ‘सवय’ म्हटले. व्यसन हा शब्द त्या कार्यालयाच्या अहवालात यावयास १९८८ साल उजाडले. आणि त्यानंतरही १९९४ साली सात मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की निकोटिनचे व्यसन लागते असे त्यांना वाटत नाही.

मग २००८ च्या एप्रिलमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. तीन निरनिराळ्या संशोधक गटांचे निबंध जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दोन त्याच ‘नेचर’मध्ये आले, ज्यात पन्नास वर्षांपूर्वी फिशर यांचे पत्र छापले होते. आइसलँडमधील गटाने दहा हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांची जनुके तपासून विचारले होते की दिवसाला अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत काय वेगळे आहे. फ्रान्समधील लियाँ आणि अमेरिकेतील ह्यूस्टन येथील गटांनी विचारले होते की फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांत काय वेगळे आहे. प्रश्न दोन, पण तिन्ही गटांचे बोट पडले एकाच ठिकाणी : पंधराव्या गुणसूत्रावर, जेथे निकोटिन-ग्राहीच्या अल्फा-५, अल्फा-३ आणि बीटा-४ या तीन तुकड्यांची जनुके शेजारी शेजारी आहेत.

फिशर यांनी जे भाकीत केले होते ते शब्दशः समोर आले असे क्षणभर वाटावे. धूम्रपानाशी आणि कर्करोगाशी, दोहोंशी निगडित असलेले एकच आनुवंशिक स्थान! तिन्ही गटांतही यावर एकमत नव्हते. आइसलँडच्या गटाचे म्हणणे असे की हा भेद माणसाला अधिक ओढावयास लावतो आणि त्यामुळे कर्करोग होतो. लियाँच्या गटाला वाटत होते की हा भेद कर्करोगाला थेटही कारण होत असावा. म्हणजे १९५८ चा वाद, नावे बदलून, २००८ साली पुन्हा उभा राहिला.

तो भेद आहे तरी केवढा? अल्फा-५ या तुकड्याच्या प्रथिनात ३९८ व्या जागी बहुतेकांत ॲस्पार्टिक आम्ल असते. काहींत तेथे ॲस्पराजीन असते. शेकडो मण्यांच्या माळेतला एक मणी बदललेला. पण त्या एका मण्याने ग्राही मंद होतो, निकोटिनला तो कमी प्रतिसाद देतो. प्रत्येक मनुष्याला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ३५ टक्के प्रती या मंद प्रकारच्या आहेत. अशी एक प्रत असलेल्या धूम्रपींना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ती नसलेल्या धूम्रपींपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक, आणि दोन प्रती असलेल्यांना ७० ते ८० टक्के अधिक असतो.

आता निवाडा कसा करावा? येथे फिशर यांच्याच चिठ्ठ्या उपयोगी पडल्या. आईच्या दोन प्रतींपैकी मुलाला कोणती मिळावयाची हे गर्भधारणेपूर्वी केवळ योगायोगाने ठरते. त्यात ना आईची इच्छा चालते, ना पुढे त्या मुलाची. निसर्गच येथे चिठ्ठ्या टाकतो. जनुकांची ही वाटणी प्रयोगाच्या दृष्टीने किती सुंदर रीतीने बेछूट असते, हे खुद्द फिशर यांनी १९५१ च्या एका व्याख्यानात सांगितले होते. तेव्हा प्रश्न असा विचारावयाचा : ज्यांना चिठ्ठीत हा मंद प्रकार मिळाला, परंतु ज्यांनी जन्मात कधी धूम्रपान केले नाही, त्यांचे काय झाले? जनुकच कर्करोगाचे कारण असेल तर त्यांनाही कर्करोग अधिक झाला पाहिजे. पुढील काही वर्षांत कधीही न ओढणाऱ्या रोग्यांच्या नोंदी अनेक देशांतून एकत्र करण्यात आल्या, आणि युरोपीय वंशाच्या अशा लोकांत या भेदाचा धोक्याशी संबंध आढळला नाही. सिगारेट नसेल तेथे हे जनुक मुके राहते.

एक अडचण मात्र उरली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित पाहण्यांत दिसले की मंद प्रकाराच्या दर प्रतीमागे दिवसाला सुमारे एक सिगारेट अधिक ओढली जाते. फक्त एक! एवढ्याने धोका तीस टक्क्यांनी वाढावा, हे हिशेबात बसेना. उत्तर सापडले ते रक्तात. निकोटिनचे शरीरात कोटिनीन होते, आणि त्याच्या प्रमाणावरून मनुष्याने प्रत्यक्षात किती धूर घेतला हे कळते. मंद प्रकार असलेल्यांच्या शरीरात सिगारेटींच्या संख्येवरून अपेक्षावे त्याहून कितीतरी अधिक कोटिनीन आढळले. सिगारेटी तेवढ्याच, पण झुरका अधिक खोल, अधिक वेळ धरलेला. फिशर यांनी डॉल आणि हिल यांच्या आकड्यांवर घेतलेला एक आवडता आक्षेप असा होता की रोग्यांनी धूर आत ओढण्याबद्दल दिलेली उत्तरे कर्करोगाच्या उपपत्तीशी जुळत नाहीत. झुरका खोल की उथळ हे ओढणाऱ्याला विचारून कळत नाही, हे त्यांच्यासारख्या चिकित्सकाच्याही लक्षात आले नाही याचे नवल वाटते.

मंद ग्राही असता मनुष्य अधिक का ओढतो, याचाही उलगडा २०११ साली उंदरांवरील प्रयोगांनी झाला, आणि तो अपेक्षेच्या उलट निघाला. निकोटिनचा डोस थोडा असता तो सुखद वाटतो; फार झाला की मळमळ, अस्वस्थता, नकोसेपणा उत्पन्न होतो. म्हणून साधे उंदीर डोस वाढविला की घेणे आवरते घेतात. ज्यांच्यात अल्फा-५ नाही ते उंदीर मात्र मोठा डोसही घेतच राहतात. मेंदूत खोलवर हॅबेन्युला नावाचा एक लहानसा भाग आहे. तेथे अल्फा-५ परत आणला की त्यांचा हात पुन्हा आवरला जातो. तेव्हा हे जनुक गोडी वाढविणारे नसून ‘पुरे’ म्हणणारे आहे, आणि मंद प्रकारात तो ‘पुरे’चा आवाज क्षीण होतो. कोणी सिगारेटला हात लावावा की नाही, यात या भेदाचा वाटा जवळजवळ नाही. तो बोलू लागतो ते हात लावल्यानंतर.

वारशाला किती वजन द्यावयाचे, याचा अंदाज बाहेरच्या इतिहासावरूनही येतो. पूर्व आशियातील लोकांत हा मंद प्रकार अगदी विरळा. तरीही विसाव्या शतकात चीन आणि जपानमधील पुरुषांत धूम्रपान प्रचंड प्रमाणावर होते. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रौढ पुरुषांपैकी ६५ टक्के सिगारेट ओढीत. २०२३ साली तेथील सर्व प्रौढांत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आले होते. पाऊणशे वर्षांत एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. बदलल्या त्या किमती, कायदे, जाहिराती आणि लोकांना असलेली माहिती; म्हणजे ज्या प्रचाराला फिशर यांनी विरोध केला होता, तोच.

या संशोधनाचा बहुतेक भाग युरोपीय वंशाच्या आणि सिगारेट ओढणाऱ्या लोकांवर झालेला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडची गोष्ट निराळ्या वाटेने आली. पोर्तुगिजांनी आणलेली तंबाखू दख्खनमध्ये आधी रुजली, आणि अकबराचा वकील असदबेग विजापूरहून परतताना रत्नजडित नळीसह ती मोगल दरबारात घेऊन गेला. बादशहाने झुरका घेतला आणि हकिमाने हरकत घेतली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईत वसंत रामजी खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ साली शहरातील सहा जातींच्या आनुवंशिक लक्षणांची मोजणी प्रसिद्ध केली होती. त्याच दोघांनी के. सी. एम. राव यांच्यासह १९५५ साली, म्हणजे फिशर यांच्या पत्रापूर्वी तीन वर्षे, तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. रक्तातला वारसा मोजण्याची विद्या हाती असलेल्या या माणसांनी रोगाचे मूळ शोधताना रोग्याच्या सवयीची चौकशी केली, ही गोष्ट फिशर यांच्या पत्राशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

चघळण्याची ती सवय अजूनही प्रबळ आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, ओढणारे १०.७ टक्के, आणि धुरावाचून घेणारे २१.४ टक्के. तळहातावर तंबाखूला चुना चोळण्यामागचे रसायन सरळ आहे. चुन्याच्या अल्कधर्मामुळे निकोटिन क्षारातून सुटून मोकळे होते आणि गालाच्या अस्तरातून रक्तात उतरते. तेथून ते मेंदूत जाऊन ज्या ग्राहींवर बसते, त्यांच्याच कुळातला पहिला ग्राही १९०५ साली लँग्ली यांना कोंबडीच्या पायात सापडला होता.